चौऱ्याहत्तर पानं

तीन कंपन्यांच्या तीन नमुना प्रती
तीन वेगळ्या दिवशी बोटीने आल्या.
तिन्ही मीच पोचवल्या,
येल बेटाच्या या टोकाला टपाल वाटणारा मी एकटाच.

पहिली ऑस्लाने दारातच फोडली.
उघडून हुंगली, बाजारात मासा हुंगतात तशी.
"डिंक," म्हणाली, "आणि घाई."
प्रत तीन पौंड दहा पेन्स, पण आमच्या पत्त्याला
टपालखर्च पुस्तकाच्या दुप्पट.
आम्हाला याची सवय आहे.
देशाच्या नकाशातही शेटलंड
खऱ्या जागी मावत नाही म्हणून
कोपऱ्यातल्या चौकटीत कोंबतात.

आणि पुस्तक तर जागांचंच.
तिच्या बापाला ठाऊक असलेल्या, समुद्रातल्या.
चर्चचा शेंडा मॅन्सीच्या गोठ्यावर आला
आणि काळा कडा लांबच्या बेटाआड गेला
की वल्ही थांबव, गळ सोड.
म्हाताऱ्याने एक ओळ कधी लिहिली नाही.
ही चुलीशी बसून ऐकायची, विणता विणता.
आता ऐकलेलं सगळं टाइप केलंय,
चित्रं स्वतः काढलीत, पट्टी लावून.

लरविकचा छापखानेवाला म्हणाला होता,
तीनशेच्या खाली मशीन सुरू करत नाही.
आम्ही वाचक मोजले. अकरा.
लाउरीची मुलगी न्यूझीलंडला असते, ती धरून बारा.
उरलेल्या दोनशे अठ्ठ्याऐंशी काय पलंगाखाली
ओल धरायला ठेवायच्या?
म्हणून हे : मागेल त्याला, मागेल तेव्हा, एकच.
कोणी मागितलं नाही तर पुस्तक नाहीच,
कागद झाडात.

दुसरी प्रत देखणी. सायीच्या रंगाचा कागद,
मुखपृष्ठावर हात फिरवत राहावा असं.
मी म्हटलं, झालं, हीच घे.
तिने पान एकोणतीस उघडलं, तीसपर्यंत पसरलेलं चित्र,
दोन बाजूंनी येणाऱ्या दोन रेषा.
जिथे त्या मिळतात
तो ठिपका नेमका शिवणीत गेलेला.
इथे घोडं पेंड खाल्लं.
"मासा असतो ती जागाच गिळली,"
एवढं बोलून तिने ती प्रत
डळमळत्या टेबलाच्या पायाखाली सारली.

तिसरी जाडीभरडी, पण सपाट उघडते.
शिवाय न्यूझीलंडची मागणी तिकडेच छापतात,
लाउरीच्या मुलीला चार दिवसांत मिळेल.
फक्त एक अट :
ऐंशी पानांच्या आत असेल तर
पाठीवर नाव छापत नाहीत, अक्षरं घसरतात म्हणे.
आपली चौऱ्याहत्तर.

"टाइप मोठा कर," मी.
"बाबा मोठ्याने बोलत नसे."
"फोटो घाल."
"कशाचे? पाण्याचे?"
मग बराच वेळ किटली नुसती उकळत राहिली.
"एक जागा मी घातली नाहीये," ती म्हणाली.
"त्याने फक्त मलाच सांगितलेली.
नीट लिहिली तर सहा पानं होईल.
बरोबर सहा."
बाहेर वारा होता. मी टोपी हातात धरून उभा होतो.
मी टपालवाला. पाकिटं उघडत नाही.
विचारलं नाही.

सोमवारी तिने तिसऱ्या कंपनीला होकार कळवला.
पानं : चौऱ्याहत्तर. पाठ : कोरी.
मी म्हटलं, कपाटात असं पुस्तक कोणाला सापडायचं, ऑस्ला?
ती लोकर गुंडाळत होती, मान वर केली नाही.

मागच्या आठवड्यात माझ्याच नावाचं पाकीट
माझ्याच गाडीत होतं.
घरी जाऊन माझंच दार वाजवलं, उगाच,
सही केली, घेतलं.
आता ते आहे बोटीचं वेळापत्रक
आणि फोनची जुनी वही यांच्या मधोमध.
अंधारातही हात बरोबर तिथेच जातो.